पायाखाली नसलेला ब्रेक

टेक्सास सिटी डाइकवरून, म्हणजे उपसागरात शिरलेल्या बांधावरून, लीग सिटीला घरी परतताना आय-४५ हायवे सोडून खाली उतरलं की एफएम ५१८ या रस्त्याचा सिग्नल लागतो. मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे सहा वाजले असतील. उतारावर होतो. सिग्नल पिवळा झाला, पुढची छोटी लाल गाडी थांबली, मीही ब्रेकवर पाय दिला. माझा पिकअप ट्रक थांबतोय असं वाटतंय तोच पाठीत कुणी ढोपर घातल्यासारखा दणका बसला आणि ट्रक आणखी पाच-सहा फूट पुढे सरकला. लाल गाडीचा बंपर आणि माझ्या ट्रकची पुढची जाळी यांच्यात हातभर जागा उरली. बायको काही बोलली नाही. मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून ती समोर बघत राहिली, यावरून काय ते कळलं.

मागून कुणी धडकलं नव्हतं. मागे आमचीच बोट होती.

एकवीस फुटी फायबरची बोट, दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन, खाली दोन अ‍ॅक्सलचा गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर. तीन वर्षांपूर्वी सगळं सेकंडहँड घेतलं. घेताना विकणारा म्हणाला होता, "ट्रेलरला ब्रेक आहेत." मी म्हणालो, "छान." ब्रेकबाबत माझं आणि त्या ट्रेलरचं तीन वर्षांत झालेलं संभाषण एवढंच. गाडीच्या ब्रेकचं बरं असतं. तो बिघडला की पायाला कळतं. पेडल खोल जातं, थरथरतं, किरकिरतं. ट्रेलरच्या ब्रेकला पेडलच नसतं. तो लागतोय की नाही हे सांगणारं काहीच तुमच्यापाशी नसतं. नसलाच तर एक दिवस पाठीत ढोपर बसतं.

रात्री अण्णांना फोन लावला. वडील रत्नागिरीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरून बस गेली की अजून मान आवाजाच्या दिशेला वळते. त्यांच्याकडे सोमवारची सकाळ उजाडली होती. ते पडवीत चहा घेत होते.

"ब्रेक कशावर आहे? हवेवर?"

"नाही हो, अण्णा. तेलावर. पण पेडल नाही. ट्रेलरच ट्रकला ढकलतो, त्या धक्क्यावर लागतो."

हे त्यांना पटेना. मग सुचलं ते सांगितलं. उतारावर बैलगाडी बैलांच्या मानेवर येते ना, तसं. ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे ढकलला जातो. ट्रकला जोडायचा जो कप्लर असतो तो दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. ट्रेलर पुढे आला की आतला तुकडा मागे दाबला जातो, त्याच्या दांड्याने मास्टर सिलेंडर दाबला जातो आणि तेल चाकांकडे जातं. जितकं जोरात ढकलाल तितका जोरात ब्रेक. इथे याला सर्ज ब्रेक म्हणतात. बोटीच्या ट्रेलरवर हाच जास्त दिसतो, कारण विजेवर चालणारे ब्रेक दर आठवड्याला खाऱ्या पाण्यात बुडवणं म्हणजे त्यांना हप्त्याहप्त्याने मारणं.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडीच स्वतःला थांबवते. डोकं चांगलं लावलंय. मग तुझी का नाही थांबली? चाक काढून बघितलंस?"

नव्हतं बघितलं.

चाक काढायच्या आधी मी एक शहाणपणाचं काम केलं, तेही ऑफिसला जाताना वाटेत पडतं म्हणून. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो. त्यावर ट्रक आणि ट्रेलर उभे करून वजन घेतलं. ट्रेलरच्या चाकांवर ४,५८० पौंड आणि हुकवर ४८० पौंड, मिळून ५,०६० पौंड. किलोमध्ये जवळजवळ तेवीसशे. मी मनात साडेतीन हजार पौंड धरून चाललो होतो, कारण कागदावर बोटीचं कोरडं वजन लिहिलेलं असतं. त्यात इंजिन धरलेलं नसतं, साठ गॅलन पेट्रोल धरलेलं नसतं (एक गॅलन सहा पौंडांच्या वर जातं), बर्फाची पेटी, नांगर, बॅटऱ्या आणि बायकोने "असू दे" म्हणून ठेवलेल्या चार घडीच्या खुर्च्याही धरलेल्या नसतात. टेक्सासमध्ये एकूण वजन ४,५०० पौंडांच्या वर गेलं की ट्रेलरला ब्रेक लागतातच. म्हणजे तीन वर्षं मी कायद्याच्या पलीकडच्या बाजूला मजेत मासे पकडत होतो.

पुढच्या शनिवारी सकाळी काम सुरू केलं. अण्णांकडे संध्याकाळ होती, म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवला. फोन मुलीच्या हातात. पहिलीच ओरड जॅकवरून पडली. "जॅकवर विश्वास ठेवून खाली हात घालू नको. घोड्या लाव आधी. आणि अ‍ॅक्सलच्या पाइपाला जॅक लावू नको, वाकेल. चासीला लाव." लोखंडी घोड्या शेजाऱ्याकडून आणल्या. पुढच्या अ‍ॅक्सलला ब्रेक होते, मागच्याला नुसतेच हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाभा. पुढचं डावं चाक काढलं. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, निघेना. हातोड्याने ठोकला, गंज उडवायचा फवारा मारला, परत ठोकला. अर्ध्या तासाने तो एकदम सुटून माझ्या मांडीवर आला आणि त्याच्या मागोमाग लायनरचा, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचा, एक अख्खा तुकडा पापडासारखा जमिनीवर पडला.

लायनर झिजलं नव्हतं. नव्यासारखं जाड होतं. पण ज्या लोखंडी शूवर ते चिकटवलेलं असतं, त्या शूला लायनरच्या खालून गंज धरला होता. गंज फुगतो. फुगत फुगत त्याने लायनर उचलून सोडवलं होतं. दुसरं लायनर अजून जागेवर होतं, पण नखाने उचकटलं तर तेही हललं. तेलाच्या दाबाने शू ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलेंडरचे दोन्ही पिस्टन आत जाम. स्प्रिंगांच्या जागी नुसता तांबडा भुगा. आणि या सगळ्यावर बोटभर जाडीचं ग्रीस.

"एवढं ग्रीस कुणी भरलं?" अण्णांनी विचारलं.

मी. म्हणजे आधीचा मालक आणि मग मी. हबच्या तोंडाशी एक स्प्रिंगची टोपी असते, तिच्यातून ग्रीसगनने ग्रीस भरता येतं. दर महिन्याला दोन-चार पंप मारायचे, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी आठ-दहा मारायचो, जास्त म्हणजे चांगलं. ते जास्तीचं ग्रीस मागच्या बाजूने ऑइल सील फाडून सरळ ब्रेकमध्ये जात होतं. बेरिंग काढलं तर ग्रीस ताकासारखं पांढरट. पाणी मिसळलं होतं. म्हणजे एवढं भरूनही पाणी शिरलंच.

पाणी का शिरतं हे मला तेव्हा कळलं. तासभर हायवेवर धावून हब तापतो. आतली हवाही तापते, फुगते. मग आपण उतारावर ट्रेलर मागे नेऊन तो हब एकदम पाण्यात बुडवतो. हवा झटक्यात आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखंच. म्हणून धक्क्यावर पोचल्या पोचल्या घाई करायची नसते. आधी वीसेक मिनिटं चहा प्यायचा, दोऱ्या बांधायच्या, बोटीचं बूच लावलंय का बघायचं, आणि मगच पाण्यात जायचं. मिरकरवाड्याला मामाची होडी होती तेव्हा असल्या भानगडी नव्हत्या. होडी वाळूवर ओढायची ती माणसांनी, ओंडक्यांवरून. ब्रेकही माणसंच.

उजवीकडची स्थिती वेगळी नव्हती. चासीच्या आतून गेलेली तेलाची लोखंडी नळी एका ठिकाणी हाताने दाबली तर बिस्किटासारखी तुटली. मास्टर सिलेंडरचं झाकण उघडलं तर तळाशी काळ्या कॉफीसारखं काहीतरी. अण्णा एवढंच म्हणाले, "हे ब्रेक नव्हते रे. ब्रेकचे फोटो होते."

एका वर्कशॉपला विचारलं. त्यांनी पुढच्या दोन चाकांचे ड्रम आहेत तसे नवे बसवायचे जे पैसे सांगितले, त्यात मला चारही चाकांच्या डिस्क ब्रेकचं सामान घरी मागवता येत होतं. शिवाय ड्रम म्हणजे बंद डबा. पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, धुवायला पाइप आत जात नाही. डिस्क ही उघडी चकती असते. नळ सोडला की मीठ खाली. गॅल्व्हेस्टन उपसागरात बोट घालणाऱ्याने ड्रम ठेवू नये, असं माझं आता स्वच्छ मत आहे. तळ्यात बोट घालणाऱ्याने काय करावं ते त्याने बघावं.

पण ड्रम काढून डिस्क लावली की काम संपत नाही, हे सामान मागवताना लक्षात आलं. आमच्या ड्रममध्ये एक सोय होती. ट्रेलर मागे घेताना चाकं उलटी फिरतात तेव्हा शू आपोआप सैल पडतात, म्हणून रिव्हर्स घेताना ब्रेक आडवा येत नाही. डिस्कला चाक कुठल्या दिशेने फिरतंय हे कळत नाही. ट्रक मागे घेतला की कप्लर दाबला जाणार, ब्रेक लागणार आणि ट्रेलर जागचा हलणार नाही. यावर उपाय म्हणजे विजेचा एक छोटा व्हॉल्व्ह. रिव्हर्सचा दिवा लागला की त्याला करंट मिळतो आणि तो चाकांकडे जाणारं तेल अडवतो. त्याला पाचवी वायर लागते, निळी. जुना प्लग चार वायरींचा होता.

आणि कप्लरचा मास्टर सिलेंडरही बदलावा लागतो. ड्रमच्या सिलेंडरमध्ये एक झडप असते. ब्रेक सोडला तरी ती नळीत थोडा दाब धरून ठेवते, म्हणजे शूंच्या स्प्रिंगा त्यांना फार लांब ओढून नेत नाहीत. तीच झडप डिस्कला जोडली तर पॅड सतत डिस्कला घासत राहणार, हायवेवर लाल होणार. मी जुना कप्लर ठेवून चार पैसे वाचवायच्या बेतात होतो. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दाब धरून ठेवणारी वस्तू आणि दाब सोडायला लागणारी वस्तू एकत्र बांधू नको." मग डिस्कचा, व्हॉल्व्ह आधीच बसवलेला नवा कप्लर मागवला.

सामान आलं तेव्हा गॅरेजमध्ये चालायला जागा राहिली नाही. चार डिस्क, हबसकट ओतलेल्या. चार कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे. त्यांचे कंस. पॅड. बेरिंगांचे डबे. आमच्या अ‍ॅक्सलला आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ लागतात. हे आकडे मला आता मुलीच्या जन्मतारखेसारखे पाठ आहेत, कारण पहिल्यांदा मी चुकीचे मागवले होते. दोन वेगवेगळ्या मापांची असतात हे न बघता आठही एकच आणली. जुनं बेरिंग पुसून त्याच्या कडेला कोरलेला नंबर वाचायचा, एवढी साधी गोष्ट होती. मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेक नव्हता, तरी कंस बसवायचं चार भोकांचं फ्लँज होतं. ते नसतं तर वेल्डिंग आलं असतं आणि हे सगळं मी लिहीत बसलो नसतो, बोट विकली असती.

बेरिंग घट्ट करण्यात अण्णांनी मला तीनदा परत करायला लावलं. नट कसताना एका हाताने डिस्क फिरवत राहायचं. जोरात कसायचा, म्हणजे बेरिंग आपल्या जागी बसतं. मग पूर्ण सैल सोडायचा. मग नुसत्या बोटांनी परत लावायचा, पाना नाही. आणि स्प्लिट पिन. इथल्या पुस्तिकेत हेच पन्नास फूट-पौंड वगैरे लिहून सांगितलंय, पण बोटांनी म्हणजे किती हे पुस्तिकेत कळत नाही. अण्णा म्हणाले, "चाक धरून वर-खाली हलव. टकटक आली तर सैल. फिरवून सोड. लगेच थांबलं तर घट्ट." मी टायपिंगच्या तासाला बसल्यासारखा टकटक ऐकत बसलो.

नळीची गोष्ट सांगताना मला जरा लाज वाटते. मी केमिकल प्लँटच्या पाइपिंगमध्ये काम करतो. चोवीस इंची पाइपांची ड्रॉइंगं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ३/१६ इंचाच्या ब्रेकच्या नळीने मला दोन दिवस रडवलं. लोखंडाची नळी परत घालायची नाही हे ठरवलं होतं, म्हणून तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची घेतली. ती गंजत नाही आणि हाताने वाकते. पण तिच्या टोकाला फ्लेअर करावा लागतो. टोक कापायचं, आतली धार घासून काढायची, नट आधी नळीत ओवायचा आणि मग टोक दोनदा दुमडून कर्ण्यासारखं करायचं. मी नट ओवायला विसरलो. चार वेळा. चौथ्यांदा मुलगी म्हणाली, "बाबा, मी ओवून देते, तू फक्त ते दाबायचं काम कर." त्यानंतर विसरलो नाही. चासीला जिथे नळी घासेल तिथे रबराची चकती, अ‍ॅक्सल हलतो तिथे लवचीक होज, आणि दोन्ही अ‍ॅक्सलकडे फाटा फुटतो तिथे पितळेचा टी.

मग नळ्यांतली हवा काढायची. कप्लरच्या खाली एक भोक आहे. त्यातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला दांडा पुढे ढकलता येतो. हे काम बायकोने घेतलं. मी सगळ्यात लांबच्या चाकापाशी, उजव्या मागच्या. कॅलिपरचा ब्लीडर, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, वरच्या अंगाला आहे ना हे बघून घेतलं, कारण हवा वर जाते, खाली नाही. पारदर्शक नळीचं एक टोक ब्लीडरला, दुसरं बाटलीतल्या तेलात. "दाब." मी ब्लीडर उघडायचा, बुडबुडे यायचे. "धर." बंद. "सोड." आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. एवढ्या सुसंगत सूचना आम्ही एकमेकांना आधी कधी दिल्या नव्हत्या. वरची टाकी मुलगी भरत होती. ती एकदा रिकामी झाली की हवा परत आत आणि काम पहिल्यापासून, हे अण्णांनी तिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिने फोन पालथा ठेवला. ब्रेकचं तेल डॉट ३ दर्जाचं. हे हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतं, पाणी मुरल्यावर १४० च्या आसपासच उकळायला लागू शकतं. त्यामुळे अर्धी उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नसते. ट्रकच्या बंपरवर दोन थेंब उडाले होते. तिथला रंग आजही सोललेला आहे.

चारही चाकांतून बिनबुडबुड्याचं तेल यायला लागलं. मी हात धुतले आणि आम्ही सगळे ट्रकमध्ये बसलो, जणू नवी गाडी आणली होती.

गल्लीत ताशी वीस मैलांवर जोरात ब्रेक मारला. पाठीत ढोपर.

परत मारला. परत ढोपर. घरी येऊन लेसरच्या थर्मामीटरने डिस्क मोजल्या. दहा वेळा ब्रेक मारल्यावर डिस्क गरम लागायला हवी. चारही जवळजवळ हवेइतक्याच. मला वाटलं हवा राहिली. रविवार सगळा परत हवा काढण्यात गेला. बायकोने या खेपेला "दाब-धर-सोड" म्हणायला नकार दिला, नुसतं दाबत राहिली. परत गल्लीत. तेच. मी हताश होऊन ट्रेलर ड्राइव्हवेत मागे घेऊ लागलो, तर तो जागचा हलेना. ट्रकचं इंजिन गुरगुरतंय, ट्रेलरची चाकं ठप्प. थोडा जोर दिला तर चाकं काँक्रीटवर फरफटली.

अण्णांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, "थांब. पुढे जाताना लागत नाही आणि मागे घेताना लागतो?"

"हो."

"मेल्या, मग ब्रेक चांगला आहे. वायर उलटी आहे."

वायर उलटी कशी असेल, मी म्हणालो, निळी निळीलाच जोडली आहे. ते म्हणाले, रंगावर जाऊ नको, दिवा लावून बघ. एसटीत इलेक्ट्रिशियन रजेवर असला की ते हेच करायचे. दोन तारा आणि एक बल्ब. मी टेस्टचा दिवा घेतला. बायकोने ट्रक रिव्हर्समध्ये टाकला. ट्रेलरच्या निळ्या वायरीला दिवा लावला. अंधार. मग ब्रेक दाबायला सांगितलं. दिवा लख्ख.

तिथे मी खाली बसलो. ट्रकचा सॉकेट सात पिनांचा, ट्रेलरचा प्लग आता पाच वायरींचा, मध्ये जोडायला मी एक अ‍ॅडॉप्टर आणला होता. सात पिनांच्या सॉकेटमध्ये निळी वायर विजेच्या ब्रेकची असते आणि रिव्हर्सचा दिवा मधल्या पिनेवर असतो. पाच वायरींच्या चपट्या प्लगमध्ये मात्र निळी वायर रिव्हर्सची. माझ्या अ‍ॅडॉप्टरने निळीला निळी जोडली होती. आणि डॅशबोर्डखाली ट्रकच्या आधीच्या मालकाने बसवलेली विजेच्या ब्रेकची एक डबी होती, जिच्याकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मी ट्रकचा ब्रेक दाबला की ती डबी निळ्या वायरीत करंट सोडायची. करंट मिळाला की व्हॉल्व्ह तेल अडवायचा. म्हणजे मी जितक्या वेळा थांबायचा प्रयत्न केला, तितक्या वेळा माझ्याच पायाने ट्रेलरचा ब्रेक बंद केला. आणि रिव्हर्सला करंट नाही, म्हणून तिथे ब्रेक कडकडून लागला. ट्रेलर रिव्हर्सला अडला नसता तर मी तसाच हायवेवर गेलो असतो, नव्या चार डिस्क घेऊन.

मधल्या पिनेवरून रिव्हर्स घेणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर फार महाग नव्हता. तो आणल्यावरही मी आधी दिवा लावून बघितलं. रिव्हर्स, लख्ख. ब्रेक, अंधार. डबीची वायरही काढून टाकली.

या खेपेला गल्लीत पाय दिला तर मागून ढकल आलीच नाही. उलट कुणीतरी हळूच शर्ट धरून मागे ओढल्यासारखं वाटलं. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "ओ." दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासले. दुसऱ्या वेळी दोन नट थोडे फिरले. कप्लरला एक पातळ दोरी असते, ती ट्रकला वेगळी बांधायची. ट्रेलर हुकवरून सुटलाच तर ती खेचली जाऊन ब्रेक दाबते. तीन वर्षं ती मी साखळीलाच गुंडाळून ठेवायचो, दिसायला नीट दिसावी म्हणून.

आता देखभाल अशी आहे, आणि ती मला आधीच्या ग्रीसच्या पंपांपेक्षा सोपी वाटते. बोट बाहेर काढली की डाइकवरून निघाल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक, म्हणजे डिस्कवरचं पाणी आणि गंजाचा पातळ थर पुसला जातो. घरी आल्यावर हब निवू द्यायचे, मग गोड्या पाण्याचा पाइप कॅलिपरच्या आतपर्यंत. ग्रीसचे पंप अंदाजाने नाहीत. टोपीतली चकती आत गेलेली दिसली तरच, आणि ती वर येईपर्यंतच. सीझनच्या सुरुवातीला चाकं काढून कॅलिपर ज्या पिनांवर सरकतात त्या पुसायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं. तेल दर वर्षी बदलायचं. पैशाच्या हिशेबात दोन बाटल्या म्हणजे काही नाही, आणि बायकोने दाबायचं कबूल केलंय, न बोलता.

जूनमध्ये पहिल्यांदा परत डाइकला गेलो. मासे फारसे मिळाले नाहीत, एक फ्लाउंडर, त्याचं कालवण केलं. येताना एफएम ५१८ ला सिग्नल लाल होता. थांबलो. बायको खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर चारही डिस्क मोजून मुलीने आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिले. पुढच्या १४२ आणि १४५ फॅरनहाइट, मागची डावी १३९, मागची उजवी १२८. मी भिंतीचा फोटो काढून अण्णांना पाठवला. तिकडे पहाट होती. दहा मिनिटांत उत्तर आलं. शाबासकी वगैरे काही नाही.

"उजवं मागचं कमी आहे. पिन कोरडी असेल. काढून बघ."

बघितली. कोरडी होती.